कोरडा कान

७ ऑक्टोबर

पोचले एकदाची! कोरेगावहून अंधारात निघाले होते, शेवगावच्या स्टँडवर उतरेपर्यंत दुपारचा दीड वाजला. समोर एक गृहस्थ वहीचं पान छातीशी धरून उभे होते आणि त्यावर निळ्या शाईत लिहिलं होतं, 'दिपाली बाई'. आडनाव नाही, गाव नाही. जणू अख्ख्या स्टँडवर दिपाली मी एकटीच! हे आमचे मुख्याध्यापक, अजिनाथ सर. आजवर त्या शाळेत मुख्याध्यापक तेच, शिक्षक तेच आणि घंटा वाजवणारेही तेच. आता आम्ही दोघं.

बॅग टाकीवर, मी मागे, आणि मोटारसायकलवरून अठरा किलोमीटर. आधी कपाशी, मग तूर, मग नुसता माळ. सर काहीतरी सांगत होते. वाऱ्यामुळे आणि ते डाव्या अंगाला तोंड करून बोलत असल्यामुळे मला निम्मं कळलं नाही. मी हो हो म्हणत राहिले.

गव्हाणवस्ती म्हणजे साठ-सत्तर घरं. राहायची सोय झुंबरबाईंकडे. सत्तरीच्या असतील, पण पाठ ताठ. पत्र्याच्या दोन खोल्या आहेत. एकीत मी आणि त्या, शेजारच्या खोलीत त्यांचा मुलगा भागवत आणि सून. जेवायला बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी. मी तीन भाकरी खाल्ल्या. आईला फोनवर सांगितलं तर तिला खरंच वाटेना.

सहा वर्षं परीक्षा देत होते. आता मी बाई झाले, दोन्ही अर्थांनी.

९ ऑक्टोबर

पटावर चौतीस मुलं. माझ्याकडे पहिली आणि दुसरी. अमृत नावाचा एक पहिलीतला सारखा माझी ओढणी धरून चालतो. दुसरीतली सृष्टी सगळ्या वर्गाची पुढारी. पाढे चुकलेल्याला मी रागावायच्या आत तीच रागावते.

टेबल मी खिडकीच्या बाजूला हलवून घेतलं. सरांनी कारण विचारलं, मी उजेडाचं सांगितलं. खरं कारण म्हणजे आता सगळी मुलं माझ्या उजव्या हाताला येतात.

या वहीत तरी लिहायला हरकत नाही. माझा डावा कान सहा वर्षांची असल्यापासून वाहतो. आधी सर्दी झाली की वाहायचा, आता बाराही महिने. त्या कानाने ऐकू जवळजवळ नाहीच. कापसाचा बोळा, वरून केस, आणि पर्समध्ये अत्तराची कुपी, कारण त्या पाण्याला वास येतो. कॉलेजच्या पाच वर्षांत कुणालाही कळलं नाही. माझं मलाच कौतुक वाटतं कधी कधी.

१३ ऑक्टोबर

झुंबरबाईंना कळलं. उशीच्या अभ्र्यावरचा डाग त्यांनी पाहिला. मी तोंड चुकवत होते, त्यांनी मात्र अगदी सहज विचारलं, "आगं बाय, कान फुटलाय व्हय तुजा?" आणि मी काही बोलायच्या आत, "आमच्या समद्या लेकरांचे फुटले. त्यात काय लाजायचं हाय?"

वीस वर्षांत कुणी हे असं साधेपणाने बोललं नव्हतं. मला एकदम रडू आलं. त्यांनी लसूण टाकून तेल कोमट केलं आणि मांडीवर डोकं घेऊन कानात दोन थेंब सोडले. कानात तेल घालू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं आठवत होतं. पण त्या मांडीवरून उठवेना.

२६ ऑक्टोबर (कोरेगाव)

दिवाळीला घरी. काल कऱ्हाडचे पाहुणे येऊन गेले. मुलगा चांगला वाटला, कमी बोलतो पण हसतो छान. तो माझ्या डाव्या बाजूला बसला होता. आईने मला पाणी आणायला उठवलं आणि परत आल्यावर दुसऱ्या खुर्चीत बसवलं. सगळं आधीच ठरवल्यासारखं. साखरपुडा ३० नोव्हेंबरला, लग्न फेब्रुवारीत.

पाहुणे गेल्यावर मी ऑपरेशनचा विषय काढला. तीन वर्षांपूर्वी साताऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की हा नुसता वाहणारा कान नाही. पडद्याच्या भोकातून कातडी आत गेली आहे, तिची गाठ झाली आहे आणि ती गाठ आजूबाजूचं हाड पोखरते. दुखत नाही म्हणून थांबू नका. मेंदू फार लांब नसतो, असंही म्हणाले होते. आईला हे सगळं आठवतं. पण कानामागे कापतात, वरचे केस काढतात. ती म्हणाली, आता महिन्यावर आलंय दिपू, टक्कल घेऊन बसणार आहेस का पाटावर? लग्न होऊ दे, मग मी स्वतः घेऊन जाते.

तीन वर्षं थांबलेच आहे. अजून चार महिने.

४ नोव्हेंबर

परत आले तर वस्ती ओळखू येईना. ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या आहेत. सकाळपासून ट्रॅक्टर भरत होते. गाद्या, हंडे, कोंबड्या, शेळ्या, वर माणसं. भागवत आणि त्याची बायको माझ्यासमोर गेली. दाराला कुलूप लावून किल्ली झुंबरबाईंच्या हातात देताना सून म्हणाली, "आत्याबाय, बाईंकडं ध्यान ठिवा." मला गंमत वाटली. मला वाटत होतं, झुंबरबाईंकडे लक्ष ठेवायला मी आहे.

संध्याकाळी मोजलं, आमच्या गल्लीत सतरा घरं आणि चौदा कुलपं. शाळेत चौतीसातली अकरा मुलं उरली. सृष्टी आणि अमृत आजीपाशी राहिलीत, तेवढं बरं.

७ नोव्हेंबर

दुपारच्या सुट्टीत जेवायला घरी आले होते. झुंबरबाई दारात तूर निवडत होत्या. वस्तीत कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. आणि शेजारच्या कुलूपबंद खोलीतून आवाज येत होता. पाट्यावर कुणीतरी काहीतरी ठेचतंय तसा. थड, थड, थड. घाई नाही, थांबणं नाही.

झुंबरबाईंना विचारलं. त्यांनी मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाल्या की काही नाही. त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ऐकू येतं.

उंदीर असतील.

९ नोव्हेंबर

आज काय झालंय! सकाळी बोळा काढला तो स्वच्छ निघाला. पांढरा! दुपारी पुन्हा पाहिला, तरी पांढरा. वीस वर्षांत पहिल्यांदा माझा कान कोरडा आहे. झुंबरबाईंना मिठीच मारली. त्या म्हणाल्या, तेलाचा गुण. आईला फोन केला तर ती देवापुढे साखर ठेवायला उठली.

थोडं जड वाटतं आत. कानामागे दाबलं तर दुखतं. वाहून वाहून सवय झालेली, म्हणून असेल.

१२ नोव्हेंबर

आवाज रोज आहे. आता सकाळीही. मी घाईने घरी आले की तोही घाईने. मी अंगणात थबकले की हळूहळू मंदावतो. आत जे कोणी आहे त्याला माझी चाहूल लागते.

आज रविवार. मी झुंबरबाईंकडून किल्ली मागून घेतली.  कुलूप काढताना आतला आवाज इतका वाढला होता की दार हलेल असं वाटलं. दार उघडलं. एक खाट, उभी केलेली गादी, रिकामी मांडणी. पाटा-वरवंटासुद्धा नव्हता, तोही भागवत आणि सून सोबत घेऊन गेलेत.

आणि आवाज चालूच. खोलीच्या मधोमध, माझ्या अगदी जवळ.

मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. गळ्याशी हात गेला. डाव्या बाजूला, जबड्याखाली, बोट जरा जोरात दाबलं गेलं.

आवाज थांबला.

बोट काढलं, सुरू झाला. दाबलं, थांबला. मी पाच वेळा करून पाहिलं. झुंबरबाई दारातून विचारत होत्या, "कोन हाय का गं आत?"

मी नाही म्हणाले.

१४ नोव्हेंबर

बालदिन. मुलांनी बाभळीची पिवळी फुलं आणली होती. अमृतच्या हातून फूल घ्यायला वाकले, केस मागे सारताना तळहात डाव्या कानावर दाबला गेला आणि सगळा वर्ग फिरला. फिरला म्हणजे फळा खाली गेला आणि फरशी भिंतीवर आली. मी पडले. हात काढल्यावर सगळं हळूहळू जागेवर आलं. सृष्टीने पाणी आणलं.

घरी खाटेवर बसून मुद्दाम कान दाबून पाहिला. पुन्हा तेच. माझ्या डोक्यात एक कळ आहे, ती दाबली की जग फिरतं. कानाच्या आत असं उघडं काय पडलंय?

अजिनाथ सर म्हणाले, नगरला दाखवू या, मी येतो सोबत. मी म्हटलं, शनिवारी. सगळ्यांना मी नंतरचाच दिवस देते.

१७ नोव्हेंबर

चहा छातीवर सांडला. पुन्हा प्यायले, पुन्हा सांडला. ओठ मिटत नाही डाव्या बाजूने. आरशात पाहिलं. माझा अर्धा चेहरा माझा आहे. डावा अर्धा नुसता लटकलाय, त्यावर सुरकुती नाही, हसू नाही. डोळा मिटायला गेले तर बुबुळ वर गेलं आणि पांढरं उघडंच राहिलं.

झुंबरबाई म्हणाल्या, "वारं गेलं पोरी तोंडावरनं." पहिल्यांदाच त्यांचा आवाज घाबरलेला वाटला. तेलाची वाटी त्यांनी उचलली, हातात धरली आणि तशीच परत फडताळात ठेवून दिली.

आईला व्हिडिओ कॉल लावला. ती ओरडली. मग लगेच म्हणाली, फोटो कुणाला पाठवू नकोस. तिकडच्या दवाखान्यात जाऊ नकोस, मी येते, आपण पुण्याला गुपचूप दाखवू. दोन दिवस कळ काढ. तेरा दिवस उरलेत गं, असंही म्हणाली. मग रडली.

मी कळ काढायचं ठरवलं. का ठरवलं ते आज लिहिता येत नाहीये.

१९ नोव्हेंबर

ताप. डोकं. डाव्या कानाच्या वर, आत, एका जागी. सकाळी उठल्या उठल्या ओकारी झाली. नुसती उडालीच, आधी मळमळसुद्धा नव्हती.

रविवार, तरी शाळेत जाऊन बसले. खोलीत बसलं की आवाज फार होतो.

२० नोव्हेंबर

वर्गात काय झालं ते नीट लिहायचं आहे. हळू लिहिते.

पहिलीला चित्रांचा तक्ता घेतला होता. मी चित्रावर छडी ठेवायची आणि मुलांनी नाव सांगायचं. मग मुलं म्हणाली, बाई, आता नावं तुम्ही सांगा. मी पहिलं चित्र पाहिलं. पावसात डोक्यावर धरतात ते. काळं, दांडा असलेलं. मला ते पूर्ण माहीत होतं. आमच्या घरी दाराच्या मागे असतं. पण नाव नव्हतं. जिथे नाव असायला हवं तिथे पाटी पुसल्यासारखी.

मी म्हणाले, चिमणी.

मुलं हसली. त्यांना वाटलं मी गंमत करतेय. दुसरं चित्र. मी म्हणाले, चिमणी. मुलं आणखी हसली. तिसरं. मी वेगळं बोलायचं ठरवलं, तोंड उघडलं, आणि चिमणी.

सृष्टी हसायची थांबली. तिला बघून बाकीचीही. ती उठून तक्त्यापाशी आली, माझ्या हातातली छडी हळूच घेतली आणि एकेका चित्रावर ठेवून मला सांगायला लागली. "बाई, हिला छत्री म्हनत्यात. छत्री. म्हना की बाई." मी बघत होते. माझ्या एका डोळ्यातून पाणी येत होतं. न मिटणाऱ्या.

अमृत घाबरून सरांच्या वर्गाकडे पळाला.

२१ नोव्हेंबर (नगर)

सरांनी कुणाला विचारलं नाही. कुणाचातरी टेम्पो थांबवला, झुंबरबाई सोबत बसल्या, दोन तास माझं डोकं मांडीवर. इथे त्या गोल यंत्रात घातलं. मशीन. नाव सांगितलं होतं त्याचं.

डॉक्टर बाई आहेत. मोठ्याने, सावकाश बोलतात. त्यांनी फोटो दाखवला, काळा-पांढरा. माझं डोकं, वरून. डाव्या बाजूला एक गोल. लिंबाएवढा, कडा पांढरी. त्यांनी सांगितलं तो पू आहे. कानातल्या गाठीने वरचं हाड खाल्लं, चेहऱ्याच्या शिरेपर्यंत गेली, तोल सांभाळतं तिथे गेली, आणि छत फोडून वर. मेंदूत. जिथे शब्द असतात तिथे.

मी विचारलं, पण कान तर — हे — कोरडा झाला होता. त्या म्हणाल्या, कोरडा झाला नव्हता. बाहेरची वाट बंद झाली होती.

झुंबरबाई कोपऱ्यात होत्या. त्यांनी विचारलं, "माज्या तेलानं झालं का वो?" डॉक्टर म्हणाल्या, गाठ फार जुनी आहे, तेलाने नाही झाली. त्या ऐकत नव्हत्या. आपल्याच हातांकडे बघत होत्या.

२१, दुपार

उद्या सकाळी. डोक्याच्या हाडाला भोक पाडून पू काढणार. सुईतून औषध आजच सुरू, ते सहा आठवडे तरी. मग कान उघडून सडलेलं हाड साफ करणार. दोन ऑपरेशनं. डॉक्टर म्हणाल्या, बरीचशी माणसं बरी होतात. किती ते मी विचारलं नाही. शब्द परत येतील का, हे विचारलं. त्या म्हणाल्या, पू निघाला की बरेच येतात. सगळे येतील का ते आत्ता सांगता येत नाही. दहा दिवस आधी आली असतीस तर —

त्या मध्येच थांबल्या. त्या डॉक्टरांचे शब्द गेलेले नाहीत, तरी थांबल्या.

सांगितलंय की जमेल तेवढं लिहीत राहा. लिहिते.

२१, संध्याकाळ

आई आली. कऱ्हाडच्यांना फोन करून सगळं सांगून आली म्हणे, कान, ऑपरेशन, सगळं. आता सांगितलं.  ती माझे केस हातात घेऊन बसली आहे. सिस्टर त्या — ते कापायचं — घेऊन आली, तेव्हा आई म्हणाली, मी कापते. कापताना प्रत्येक बट पदरात ठेवत होती.

सर दारात उभे. त्यांनी सही केली की आईने, ते —

उजवीकडचं वरचं दिसत नाही. सिस्टरचा चेहरा अर्धा आहे.

२२

सकाळ. आवाज आहे. थड. बोट लावत नाही आता. चालू आहे तोवर मी —

झुंबरबाई. सर. सृष्टी. अ — लहान आहे, ओढणी धरतो. अ — आहे त्याला नाव. आहे.

पेन. पांढरं. खाट. हे हातातलं — सुई. बरोबर. सुई.

पाणी देत नाहीत.

२२, चाकांची खाट आली

दोन माणसं. हिरवे कपडे. थांबा म्हटलं. म्हटलं की चिमणी म्हटलं, कळलं नाही. ते थांबले.

समोर ती बसली आहे. माझे केस पदरात. रडते. मला दिपू म्हणते. मी तिला ओळखते. कालपासून नाही, आधीपासून, सगळ्यात आधीपासून. तिच्या पोटातून मी. तिचे हात मला माहीत. तिचा वास.

तिला हाक मारायची आहे. आत नेतील त्याआधी. एकदा. ती वाट बघते आहे माझ्या तोंडाकडे. अर्ध्या तोंडाकडे.

रागावले नाही असं म्हणायचं होतं. ते लांब आहे. जमणार नाही. नुसती हाक.

चिमणी नाही. चिमणी नाही. दुसरा. छोटा. सगळी मुलं पहिला तोच शिकतात. मी शिकवते तो. दोनच अक्षरं. पहिलं अक्षर